व्यसन सुटतं तेव्हा मेंदू काय शिकतो?

व्यसन सुटलेल्या माणसाला 'आता तू पूर्वीसारखा झालास' असं आपण कौतुकानं म्हणतो. मेंदूच्या दृष्टीनं मात्र तो पूर्वीसारखा नसतो. व्यसन लागण्याआधी त्याला जे कधी शिकावं लागलं नव्हतं, ते तो आता शिकलेला असतो.

दारू, निकोटिन, कोकेन यांमुळे मेंदूत डोपामीन वाढतं. त्याला आनंदाचं रसायन म्हणतात, पण 'हे पुन्हा कर' असं शिकवणं हे त्याचं मोठं काम. हा धडा वर्षानुवर्षं गिरवला की नुसत्या वासानं किंवा ठरावीक वेळ झाली म्हणूनही तलफ उसळते. नशा सोडली म्हणून हा धडा पुसला जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांना एका खुणेनंतर अन्न मिळायचं, म्हणून ती खूण होताच त्यांना लाळ सुटायची. खुणेनंतर अन्न मिळेनासं झालं, तेव्हा ती लाळ थांबली. पण काही वेळानं तीच खूण दिली की पुन्हा सुटू लागली. जुनं शिक्षण आत शाबूत होतं. अनेक वर्षांनी एखाद्याचा पाय घसरतो, त्यामागेही हेच असतं. अशा माणसाला 'मनाचा कच्चा' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

जुन्यावर मात करायला नवं शिकावं लागतं आणि त्यात कपाळामागच्या भागाचा, म्हणजे आवर घालणाऱ्या मेंदूचा कस लागतो. तलफ चढतच जात नाही. बहुधा काही मिनिटांत ओसरते. अ‍ॅलन मार्लॅट हे मानसशास्त्रज्ञ तिच्याशी झुंजण्याऐवजी लाटेसारखी ती येताना-जाताना पाहायला शिकवत. २०१३ च्या एका अभ्यासात, कोकेन सोडून ३५ आठवड्यांहून जास्त काळ झालेल्यांच्या मेंदूच्या काही भागांत करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशींनी भरलेला भाग, कधीच नशा न केलेल्यांपेक्षाही जास्त आढळलं. त्यात त्याच माणसांना आधीपासून तपासलेलं नव्हतं, त्यामुळे निष्कर्ष जपून काढायला हवा. तरी मला तो फार आशादायक वाटतो.

फक्त, रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांशिवाय एकदम दारू थांबवू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकतं.

एकदा घसरल्यावर 'सगळं संपलं' असं वाटतं आणि त्या विचारानंच माणूस पुन्हा पूर्ण बुडतो, हे मार्लॅट यांनी दाखवलं. म्हणून चांगला समुपदेशक जाब विचारत नाही. त्या दिवशी कोण सोबत होतं, झोप झाली होती का, आधी कुणाशी भांडण झालं होतं का, हे तो विचारतो आणि दोघं मिळून तशा पुढच्या दिवसाची तयारी करतात.