भाताच्या रोगातून द्राक्षाच्या घडापर्यंत

सांगली जिल्ह्यातील तासगाव, पलूस, मिरज या भागांत फळछाटणीनंतर घड एका पातळ द्रावणात बुडवण्याचे काम चालते. बागायतदार त्याला 'डिपिंग' म्हणतात आणि द्रावणातील मुख्य घटकाला, म्हणजे जिबरेलिक आम्लाला, 'जीए'. या द्रव्याचा शोध द्राक्षाच्या नव्हे, भाताच्या अभ्यासातून लागला. जपानमध्ये भाताच्या एका रोगात रोपे भराभर उंच वाढत, फिकट व लुकडी राहत आणि अनेकदा दाणा न भरताच मरत. ज्या द्रवात या रोगाची बुरशी वाढवली, तो गाळून बुरशी काढून टाकली तरी निरोगी रोपांना तसाच उंच करतो, हे एइइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले आणि १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्यातील द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले.

हे संप्रेरक वनस्पती स्वतःही बनवतात, असे पुढे आढळले. द्राक्षाच्या मण्यात ते मुख्यतः बियांकडून येते. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणात बी लहानपणीच खुरटते, त्यामुळे हा पुरवठा तुटतो आणि मणी बारीक राहतो. बाहेरून जिबरेलिन दिले की पेशी लांबतात, फुगतात आणि मणी भरतो. रोपाला मारणारी अतिवाढ आणि घडाला हवी असलेली वाढ यांमागची क्रिया एकच आहे, हे ज्यांनी ओळखले, त्यांची कल्पकता मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते.

अशी ओळख पटणे सोपे नसते. १९८० मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी प्रयोगात सहभागी झालेल्यांना एक कोडे घातले: पोटातील गाठ तीव्र किरणांनी नष्ट होते, पण वाटेतील निरोगी भागही जळतो, मग करायचे काय? काहींना त्याआधी सैन्याच्या लहान तुकड्या करून, त्या अनेक रस्त्यांनी एकाच वेळी किल्ल्यावर नेणाऱ्या सेनापतीची गोष्ट वाचायला दिली होती. सौम्य किरण अनेक दिशांनी गाठीवर एकवटावेत, हे उत्तर त्या गोष्टीतच होते. तरीही 'ती गोष्ट वापरून पाहा' असे सांगेपर्यंत बहुतेकांना ते सुचले नाही. विषय बदलला की ओळखीची कल्पनाही अनोळखी वाटते, म्हणून उसनवारी करताना वस्तूपेक्षा तिच्यामागचे कारण समजून घ्यावे लागते.

बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचेही तसेच आहे. फ्रान्समध्ये वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींवर डाऊनी हा बुरशीजन्य रोग कमी पडतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आपल्या बागांत हीच फवारणी होते, मात्र चोरांसाठी नव्हे.

खुंटाच्या, म्हणजे ज्या मुळाकडच्या झाडावर द्राक्षाचे कलम बांधतात त्याच्या, बाबतीत तर जोडणी प्रत्यक्षच असते. मुळांवरील फायलोक्सेरा किडीपासून बागा वाचवण्यासाठी युरोपने अमेरिकी खुंट घेतले. आपल्याकडे टेक्सासच्या रानद्राक्षातून आलेला डॉगरिज खुंट मुख्यतः क्षारयुक्त पाणी आणि अवर्षण यांसाठी स्वीकारला गेला. त्याच्या वाढीचा जोर मात्र इतका असतो की काडीत घड कमी धरतात. म्हणून एप्रिल छाटणीनंतर शेंडा खुडून बगलफुटीची काडी, म्हणजे सबकेन, करावी लागते आणि काही बागायतदार कमी जोमाचा ११०-आर खुंटही लावून पाहतात.