चपडा, स्पिरिट आणि गिटारवरचा आरसा

परवा ओळखीच्या एका मुलाने स्वतः बनवलेल्या गिटारचा फोटो पाठवला आणि विचारलं, फ्रेंच पॉलिश म्हणजे वॉर्निशच ना, फक्त जास्त घासायचं? असं खूप जणांना वाटतं. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या पुरचुंडीने थरावर थर लावायची पद्धत. ती चमक घासून येत नाही, विरघळून येते, आणि हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका होतच नाहीत.

आधी माल कुठला ते सांगतो. १९व्या शतकात अन्तोनिओ दे तोरेस या गिटार-कारागिराने स्पेनमधल्या सेव्हिल आणि अल्मेरियात आजच्या क्लासिकल गिटारचा साचा घातला. त्या परंपरेतले कारागीर अजूनही गिटारला जे लावतात ते शेलॅक म्हणजे आपला चपडा. झारखंड-छत्तीसगडात आणि आपल्या गोंदियाकडेही पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, तीच ही. लाक्षागृहातली लाख! मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांवर चमकते तीही हीच, आणि गिटारची पाठ बऱ्याचदा भारतीय शिसवीची असते.

आता मुद्द्याचं. पॉलियुरेथेनसारखं (प्लास्टिकच्या जातीचं) फिनिश वाळतं तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना पक्के जोडले जातात, मग वरचा नवा हात खालच्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो, आणि घासताना एक थर फुटून खालचा दिसला की नकाशावर असतात तशा रेषा उमटतात. लाखेत असली जोडणी होत नाही. स्पिरिट उडून गेलं की राळ मागे राहते, बस्स. म्हणून नवीन हात मारला की त्यातलं स्पिरिट खालचा थर थोडासा विरघळवतं आणि दोन्ही मिळून एकच पापुद्रा होतो, शंभर हात मारले तरी एकच. मऊ झालेल्या त्या क्षणी कापडाची पुरचुंडी (स्पॅनिश कारागीर तिला मुन्येका म्हणजे बाहुली म्हणतात) उंचवट्यावरचा माल खड्ड्यात सरकवते आणि उरलेलं काम पृष्ठताण करतो. २००० नंबरच्या पॉलिश पेपरचे कण साधारण १० मायक्रॉनचे असतात आणि दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, त्यामुळे नुसत्या पेपरचे ओरखडे प्रकाश विखुरतात आणि धूसर दिसतं. लाखेत ओरखडा स्वतःच विरघळून सपाट होतो, म्हणून आरसा दिसतो.

म्हणूनच पुरचुंडी पृष्ठभागावर थांबवायची नाही. गोल, मग इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत राहायचं, विमान उतरतं तसं टेकवायचं आणि तसंच उचलायचं. थांबलात की खालचा मऊ थर कापडाला चिकटून सोलला जातो. ते होऊ नये म्हणून ऑलिव्ह किंवा अक्रोडाच्या तेलाचे एक-दोन थेंब घेतात. हे तेल फक्त वंगण आहे, चमक त्याची नाही, शेवटी जवळजवळ कोरड्या, जेमतेम स्पिरिट लावलेल्या पुरचुंडीने ते पुसून काढायचंच असतं.

मला सगळ्यात आवडतं ते शिसवीची छिद्रं बुजवणं. त्यासाठी प्युमिस म्हणजे ज्वालामुखीच्या फेसाळ दगडाची पांढुरकी पावडर वापरतात. ती लाकूड किंचित कातरते, तो भुसा, पावडर आणि लाख छिद्रात गच्च बसतात. मग पांढरे ठिपके का दिसत नाहीत? कारण प्युमिस म्हणजे मुख्यतः काच, तिचा अपवर्तनांक (म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप) १.५ च्या आसपास आणि लाखेचाही तितकाच. दोन्ही सारखे असले की सीमेवर प्रकाश वळतही नाही आणि परततही नाही, कण गायब! भजी ठेवलेला कागद तेलाने अर्धपारदर्शक होतो, तेच हे. पावडर जास्त आणि लाख कमी पडली की कणांमध्ये हवा राहते, हवेचा अपवर्तनांक १, आणि ठिपके दिसतात.

पुण्यात जुलैत एकदा मी घाई केली आणि गिटारची पाठ ढगाळ झाली. स्पिरिट उडताना पृष्ठभागाची उष्णता घेतं, तो दवबिंदूच्या खाली गेला की हवेतलं पाणी त्यावर जमतं, आणि लाख पाण्यात विरघळत नसल्यामुळे पांढरी पडते. कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका हात मारला आणि पाठ परत नितळ झाली.

शेलॅक लावलं की आवाज गोड होतो, जुन्या इटालियन व्हायोलिनांच्या वॉर्निशात गुपित आहे, असल्या गोष्टींवर मात्र विश्वास ठेवू नका. थर अगदी पातळ असल्यामुळे लाकडावर वजन कमी पडतं एवढं खरं. पण २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला ध्वनिशास्त्रज्ञ क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २१ वादकांच्या डोळ्यांवर गडद गॉगल चढवून नवी आणि जुनी इटालियन व्हायोलिनं वाजवायला दिली, तर जुनं कुठलं ते त्यांना नीट ओळखता आलं नाही.

आणि बाटलीवर तारीख लिहा. लाखेच्या रेणूत आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही गट असतात, द्रावणात ते हळूहळू एकमेकांशी आणि स्पिरिटशीही जुळून एस्टर नावाची नवी संयुगं होत राहतात, आणि सहा महिने-वर्षभराने लाख चिकट राहते, वाळतच नाही. गिटारला लावण्याआधी काचेवर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नखाचा वळ उमटला तर ती बाटली स्टुलासाठी ठेवा.