सुपर लीगचं दार कुणासाठी उघडतं? बढती-पदावनतीच्या वादाची पार्श्वभूमी

2026च्या हंगामासाठी रग्बी लीग या खेळातली इंग्लंडची सर्वांत वरची स्पर्धा, सुपर लीग, 12 वरून 14 संघांची झाली. ब्रॅडफर्ड, तुलूज आणि यॉर्क आत आले, सॅल्फर्ड बाहेर गेला. यातला कुठलाच संघ केवळ गुणतक्त्यातल्या क्रमांकामुळे आपोआप वर चढला नाही किंवा खाली घसरला नाही. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा खेळतोच, त्यामुळे आपल्याला यात वावगं वाटणार नाही. पण रग्बी लीगच्या गावांमध्ये हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे: वरची जागा मैदानावर कमवायची, की बैठकीत वाटून घ्यायची?

या खेळाचा जन्मच पैशाच्या भांडणातून झाला. यॉर्कशर आणि लँकशरमधले खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे. शनिवारी सामना खेळायचा म्हणजे मजुरी बुडायची. ती भरून द्यायला रग्बीची तेव्हाची नियामक संस्था असलेल्या रग्बी युनियनने नकार दिला, तेव्हा 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. बुडालेल्या खाड्यापोटी दिवसाला 6 शिलिंगपर्यंत भरपाई द्यायची, असं ठरलं. हा पैसा येणार तिकीटविक्रीतून, आणि तिकिटं सर्वांत जास्त खपायची ती शेजारच्या गावाशी सामना असला की. पुढच्या सगळ्या रचनांचं घोडं इथेच अडलं.

1902मध्ये पहिल्यांदा प्रत्येकी 18 संघांचे वरचा आणि खालचा असे दोन गट केले. पहिल्याच वर्षी सेंट हेलेन्स खाली गेला आणि लीड्स वर आला. आज ही नावं ऐकून नवल वाटतं. पण खालच्या गटातल्या क्लबांचे शेजारी वर राहिले, प्रवासखर्च वाढला, गल्ला आटला. 1905मध्ये सगळे पुन्हा एकाच लीगमध्ये आले.

1962मध्ये पुन्हा दोन गट झाले. या प्रयोगाचा विचार करताना मला ब्रॅडफर्डचं ओडसल मैदान आठवतं. मे 1954मध्ये वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांच्यातला चॅलेंज कप या बाद फेरीच्या स्पर्धेचा अंतिम सामना तिथे पुन्हा खेळवला गेला, तेव्हा अधिकृत आकडा होता 1,02,569 प्रेक्षकांचा. त्याच मैदानावर नोव्हेंबर 1963मध्ये, दुसऱ्या गटातला ब्रॅडफर्ड नॉर्दर्न बॅरोविरुद्ध खेळला तेव्हा उरले होते 324 जण. पुढच्याच महिन्यात क्लब बुडाला. लोकांनी तो 1964मध्ये नव्याने उभा केला, पण दोन गटांची पद्धत मात्र त्याच वर्षी गुंडाळली गेली.

1973पासून दोन गट रुजले. सुरुवातीला तर वर्षाला चार संघ वर आणि चार खाली जात. चढउतार भरपूर होते, पण नियम पोराटोरांनाही पाठ होता.

तो मोडला एप्रिल 1995मध्ये. रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने पाच वर्षांसाठी 7.7 कोटी पौंड देऊ केले. बदल्यात सुपर लीग ही नवी लीग, उन्हाळी हंगाम आणि क्लबांची विलीनीकरणं. कासलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन यांचा मिळून ‘काल्डर’ नावाचा एक क्लब करायचा, अशी योजना होती. नकाशावर तिन्ही गावं हाकेच्या अंतरावर आहेत, पण एकमेकांना हरवण्यातच त्यांच्या पिढ्या गेल्या. लोक रस्त्यावर उतरले, विलीनीकरण बारगळलं आणि रक्कम 8.7 कोटींवर गेली. घाव बसला तो कीथलीला. त्या हंगामात दुसरा गट कीथलीने जिंकला होता, पण सुपर लीगमध्ये जागा मिळाली त्याच गटात त्यांच्या मागे राहिलेल्या लंडनला आणि नव्याने काढलेल्या पॅरिसच्या संघाला. यात कीथलीवर अन्याय झाला, हे माझं स्पष्ट मत आहे.

पुढेही तेच घडत राहिलं. 1999मध्ये हन्सलेटने आणि 2000मध्ये ड्यूसबरीने खालच्या गटाची ग्रँड फायनल, म्हणजे विजेता ठरवणारा अंतिम सामना, जिंकली, पण निकषांत बसत नाहीत म्हणून दोघांनाही बढती नाकारली. 2009पासून तर तीन-तीन वर्षांचे परवानेच आले. परवाना मिळालेला वेल्सचा क्रुसेडर्स तीन हंगामांत संपला. फेदरस्टोनने 2011मध्ये चॅम्पियनशिपची, म्हणजे सुपर लीगच्या खालच्या लीगची, ग्रँड फायनल 40-4 अशी जिंकली, पण त्यांच्यासाठी वर जायची वाटच नव्हती.

बंद दाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही म्हणणं खरं आहे. खाली गेलेल्या क्लबचं उत्पन्न एका झटक्यात घटतं, खेळाडू निघून जातात, कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या जातात. 2015पासून तर हे सगळं ‘मिलियन पाउंड गेम’ या एका सामन्यावर टांगलं गेलं: जिंकणारा सुपर लीगमध्ये, हरणारा खाली. 1 ऑक्टोबर 2016 रोजी हल किंग्स्टन रोव्हर्सच्या घरच्या मैदानावर दोन मिनिटं उरली असताना यजमान 18-10 असे पुढे होते. सॅल्फर्डने लागोपाठ दोन ट्राय करून (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून) 18-18 अशी बरोबरी साधली. जादा वेळेत जो आधी गुण घेईल तो जिंकणार होता. गॅरेथ ओब्रायनने जवळपास मैदानाच्या मध्यातून ड्रॉप गोल मारला, म्हणजे चेंडूला जमिनीवर टप्पा देऊन तो लाथेने गोलखांबांमधून धाडला. 19-18. रोव्हर्स खाली गेले.

हा सामना 2018नंतर बंद झाला. काही वर्षं एक संघ वर, एक खाली अशी साधी पद्धत चालली. मग 2022मध्ये आयएमजी या कंपनीशी 12 वर्षांचा करार झाला आणि 2025च्या हंगामापासून क्लबांची जागा 20 गुणांच्या मूल्यांकनावर ठरू लागली. त्यात मैदानावरच्या कामगिरीला 5 गुण, चाहत्यांच्या पाठिंब्याला 5, आर्थिक स्थितीला साडेचार, स्टेडियमला 3 आणि आसपासच्या लोकसंख्येला व समाजकार्याला अडीच. म्हणजे जिंकण्या-हरण्याचं वजन जेमतेम पाव हिस्सा.

2016मध्ये घसरलेले हल किंग्स्टन रोव्हर्स 2017मध्ये खालून खेळूनच परत वर आले होते. 2025मध्ये त्यांनी चॅलेंज कप, लीगमधलं अव्वल स्थान आणि ग्रँड फायनल हे तिन्ही मान एकाच हंगामात पटकावले. त्याच हंगामानंतर सॅल्फर्डचं सुपर लीगमधलं स्थान गेलं.