रक्त पोहोचवणारे स्वयंसेवक आणि निळा दिवा: कोकणातल्या वादाची पार्श्वभूमी

रक्तपेढीतून पिशवी घेऊन तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालेल्या स्वयंसेवकाने मोटारसायकलला निळा दिवा लावावा की नाही, हा प्रश्न रत्नागिरी-सिंधुदुर्गात अधूनमधून तापतो, पावसाळ्यात जास्तच. आजचा कायदा विचारला तर उत्तर स्पष्ट आहे: लावता येत नाही. आरटीओने दिवा उतरवायला लावला तर भांडायला जागा उरत नाही. पण ही मनाई कोणी ठरवून घातली, की नियम बदलताना रक्त नेणाऱ्याचा विचारच कोणाच्या मनात आला नाही, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. डोलीतून आणि होडीतून पेशंट नेण्याचे दिवस घराघरातल्या म्हाताऱ्यांना आठवतात, पण तेव्हा पेशंट रक्ताकडे जात असे, रक्त पेशंटकडे येत नसे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने रक्तपेढ्यांबाबत निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. त्यानंतर रक्तदाता शोधणे आणि परवानाधारक पेढीतून पिशवी आणणे ही कामे नातेवाइकांच्या गळ्यात पडली. सिंधुदुर्गातला माणूस गोव्यातल्या बांबोळीला किंवा कोल्हापूरला धावायचा, उत्तर रत्नागिरीतला चिपळूण नाहीतर थेट मुंबई गाठायचा. बर्फाच्या डब्यात पिशवी ठेवून एसटीने येणारा भाऊ किंवा मेहुणा, हाच कोकणातला पहिला कुरिअर.

खरी कलाटणी सिंधुदुर्गात मिळाली, आणि ही गोष्ट कोकणातच फारशी कोणाला ठाऊक नाही. फोन केला की रक्त दवाखान्यात पोचवायचे ही सरकारी योजना राज्यभर नेण्याआधी ज्या दोन जिल्ह्यांत करून पाहिली, त्यांतला एक सिंधुदुर्ग, दुसरा सातारा. जानेवारी २०१४ मध्ये ती १०४ या क्रमांकावर राज्यभर सुरू झाली. पेढीपासून ४० किलोमीटर किंवा तासाभराच्या अंतरातल्या दवाखान्यात मोटारसायकलवरून पिशवी द्यायची, अशी तिची आखणी होती. त्याच महिन्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवाही सुरू झाली. १०८ च्या गाडीला दिवा आणि सायरन होते. १०४ च्या मोटारसायकलसाठी कायद्यात तशी तरतूदच नव्हती. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या फरकात आहे.

हे काम कसे चालते हे माहीत नसले की दिव्याची मागणी हौसेची वाटते. लाल पेशींची पिशवी पेढीत २ ते ६ अंशांत ठेवतात आणि वाटेत तापमान १० च्या वर जाऊ द्यायचे नसते. डब्यात आईस पॅक आणि पिशवी यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा कापड घालावे लागते, कारण पिशवी थेट बर्फाला चिकटली तर पेशी फुटतात आणि रक्त वाया जाते. प्लेटलेटचे, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशींचे, उलटे आहे. त्या २० ते २४ अंशांत आणि सतत हलत्या ठेवाव्या लागतात, आयुष्य फक्त ५ दिवस, म्हणून तालुक्याला साठा करून ठेवणे परवडत नाही. लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाच्या, हंगामात आणि २०१६ पासून दोडामार्ग, बांदा भागात माकडताप आल्यावर याच प्लेटलेटसाठी धावपळ वाढली. शिवाय बहुतेक वेळा खेप एक नसते, दोन असतात. आधी पेशंटच्या रक्ताचा नमुना पेढीकडे न्यायचा, तिथे क्रॉसमॅच, म्हणजे दोन्ही रक्ते जुळतात का याची तपासणी, होईपर्यंत थांबायचे, मग पिशवी घेऊन परत यायचे. बाळंतिणीला रक्तस्राव होत असेल तर हा सगळा वेळ तिच्या खात्यातून जातो.

त्यात ४० किलोमीटरचे वर्तुळ नकाशावर काढणाऱ्याने खाड्या पाहिल्या नव्हत्या. रत्नागिरी आणि गुहागर यांच्यामध्ये जयगडची खाडी आहे. जयगड-तवसाळ फेरीबोट चालू असेल तर अंतर आवाक्यात येते. रात्री बोट बंद झाली की तीच वाट लांबचा वळसा घेते. दाभोळ-धोपाव्याचेही तसेच. घाटमाथ्यावरून यायचे तर आंबा, फोंडा, करूळ, आंबोली, यांतला कोणता चालू आहे ते आधी विचारायचे. सरकारी वर्तुळाबाहेर राहिलेली ही गावेच स्वयंसेवकांनी उचलली. रक्तदान शिबिरे भरवणारी मंडळे, मुंबईच्या चाकरमान्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, स्वतःच्या गाडीत स्वतःचे पेट्रोल घालणारी पोरे. कोणाला कुठे नेमलेले नाही, कोणाला पगार नाही. म्हणूनच कायद्याच्या कोणत्याही रकान्यात ती बसत नाहीत.

आता दिव्याकडे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०८ मुळात साधा होता: गाडीला पुढे लाल दिवा नको, मागे लालखेरीज दुसरा नको, आणि याला काही अपवाद. एक अपवाद उच्चपदस्थांचा. दुसरा रुग्णवाहिकेचा, आणि त्यातले शब्द महत्त्वाचे आहेत: जांभळ्या काचेचा लुकलुकणारा लाल दिवा, आणि तो पेशंट वाहून नेणाऱ्या रुग्णवाहिकेला. सायरनचा नियम ११९ मात्र थोडा सैल होता. रुग्णवाहिका, अग्निशमन, बचावकार्य आणि पोलीस यांच्या गाड्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याने मंजूर केलेला भोंगा चालतो. तिथे गाडीत पेशंट असण्याची अट घातलेली नाही. दिव्याला अट आहे, भोंग्याला नाही, ही विसंगती तेव्हापासूनची आहे.

लाल दिव्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० डिसेंबर २०१३ च्या निकालाने लाल दिवा घटनात्मक पदांपुरता आखडला. त्याच निकालात आणखी एक परिच्छेद आहे, त्याची आठवण फार कमी जण काढतात. रुग्णवाहिका, अग्निशमन, आपत्कालीन दुरुस्ती अशा तातडीच्या कामांवरच्या लोकांना लाल दिवा मिळणार नाही, पण निळा, पांढरा किंवा बहुरंगी असा दुसऱ्या रंगाचा दिवा चालेल, असे न्यायालयाने म्हटले. तिथली यादी 'अशा प्रकारची कामे' या धर्तीची होती, बंदिस्त नव्हती. रक्त पोचवणे त्यात बसते असे म्हणायला तेव्हा जागा होती. कोकणातल्या काही मोटारसायकलींवर निळे दिवे दिसू लागले ते याच काळात.

मग आला १९ एप्रिल २०१७ चा निर्णय. केंद्रीय मंत्रिमंडळाने लाल दिव्याची संस्कृती मोडायची ठरवली आणि १ मेपासून मंत्र्यांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांचे दिवे उतरले. लोकांनी स्वागत केले आणि ते योग्यच होते. दिवा म्हणजे रुबाब असे समीकरण ज्यांनी करून ठेवले होते, त्यांचा तो उतरायलाच हवा होता. पण ही मोहीम ज्या नियमदुरुस्तीतून राबवली गेली, ती नीट वाचली की खटकते. उच्चपदस्थांचा अपवाद गेला आणि राज्यांना कोणत्या गाड्यांवर दिवा चालेल हे ठरवण्याची जी मुभा होती, तीही गेली. तिच्या जागी लाल-निळ्या-पांढऱ्या बहुरंगी दिव्याची नवी यादी आली: आग विझवणे, पोलीस, सैन्य आणि निमलष्करी दलांचे कायदा-सुव्यवस्थेचे काम, आणि भूकंप, पूर, दरड, वादळ, त्सुनामी किंवा अणु-रासायनिक-जैविक अपघातांसारख्या आपत्तींचे व्यवस्थापन. ही परवानगी कोणाला आहे त्याची यादी राज्याच्या परिवहन खात्याने दरवर्षी जाहीर करायची. रुग्णवाहिका जुन्या जांभळ्या काचेच्या ओळीत तशीच राहिली, पेशंट वाहून नेण्याच्या अटीसकट.

म्हणजे २०१३ मध्ये न्यायालयाने किलकिले ठेवलेले दार २०१७ मध्ये बंद झाले, आणि ते बंद करताना रक्त, प्लेटलेट किंवा सर्पदंशावरचे प्रतिविष नेणाऱ्या माणसाबद्दल हो किंवा नाही, असा एक शब्दही लिहिला गेला नाही. दरड कोसळलेल्या ठिकाणी जाणाऱ्या अधिकाऱ्याला दिवा आहे. त्या दरडीखालून काढलेल्या जखमीसाठी रक्त नेणाऱ्याला नाही. निर्णयाचे समर्थन करणारे म्हणतात, एकदा अपवाद केला की पुन्हा जो तो दिवा लावेल. भीती खोटी नाही, महामार्गावर खोट्या दिव्यांच्या गाड्या आजही सापडतात. पण त्यावरचा उपाय नोंदणी आणि ओळखपत्र हा आहे. गैरवापर होईल म्हणून गरजेचे नावच यादीतून गाळणे हा उपाय होऊ शकत नाही.

२०१७ च्याच ऑगस्टमध्ये मुंबईत १०८ सेवेतल्या मोटारसायकल रुग्णवाहिका सुरू झाल्या. मोटारसायकलवर पेशंट झोपवून नेता येत नाही. डॉक्टर आणि औषधे लवकर पोचवणे हाच तिचा उद्देश. रुग्णवाहिकांच्या राष्ट्रीय मानकातही चार प्रकार सांगितले आहेत आणि पहिला प्रकार असाच आहे, पेशंटपर्यंत मदत नेणारा, पेशंट न उचलणारा. तेव्हा पेशंट गाडीत असलाच पाहिजे हा आग्रह सरकारनेच व्यवहारात सोडला आहे. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून मोटारसायकलवरून रक्त नेणारे स्वयंसेवक आहेत. तिथल्या १९८९ च्या दिव्यांच्या नियमांत प्रत्यारोपणासाठी किंवा तशाच कारणासाठी मानवी ऊती नेणारी गाडी आपत्कालीन वाहनात धरली आहे. रक्त त्यात मोडते का, यावर तिथेही वाद होतो, पण निदान वाद घालायला एक ओळ आहे.

पुढची वर्षे कोकणाला कठीण गेली. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ मध्ये तौक्ते, मध्ये कोविड. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला, आंबा घाट दरडींनी बंद झाला. त्या दिवसांत डबे हातोहात गेले, पाण्याच्या अलीकडे एक गाडी आणि पलीकडे दुसरी. २०२२ मध्ये १०४ ची दवाखान्यात रक्त पोचवण्याची सेवा बंद झाली. जी जागा सरकारने सोडली, तिथे उरले ते हेच स्वयंसेवक.

दरम्यान कायदा दुसऱ्या अंगाने बदलला होता. वाहन चालवण्याच्या २०१७ च्या विनियमांनी आपत्कालीन वाहनाला जीव वाचवण्यासाठी, चालकाच्या स्वतःच्या जबाबदारीवर आणि पुरेशी काळजी घेऊन, सिग्नल आणि वेगमर्यादा ओलांडायची मुभा दिली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ई आले: वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. राज्यात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. या कलमात अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यापुढे काही शब्द जोडलेले आहेत: 'किंवा राज्य सरकार ठरवील असे अन्य आपत्कालीन वाहन'. केंद्राने नियमातून काढून घेतलेली मुभा, निदान वाट मिळण्यापुरती, कायद्याने राज्याला परत दिली आहे.

स्वयंसेवकांमध्येही एकमत नाही, हे सांगायला हवे. कशेडीच्या किंवा परशुरामच्या वळणावर रात्री पावसात दिव्याने काही मिनिटेच वाचतात आणि दिवा आहे म्हणून वेग वाढला तर पोरगा जायचा, असे जुने लोक बजावतात. विम्याचा प्रश्न वेगळाच, कारण गाडी खासगी आणि नंतर बसवलेला दिवा बेकायदा. स्वयंसेवकांतल्या बऱ्याच जणांना सिग्नल तोडायचा परवाना नकोच आहे. गणपतीत महामार्गावर कोंडी झाली की बाजूने वाट मिळावी, टोलनाक्यावर आणि नाकाबंदीत डबा उघडून दाखवत उभे राहावे लागू नये, एवढेच मागणे आहे. यासाठी जिल्ह्याच्या यादीत नोंदवलेला स्वयंसेवक आणि पेढीच्या शिक्क्याचे त्या खेपेपुरते पत्र, असा मसुदा १९४-ईच्या त्या शब्दांखाली राज्याला काढता येतो. त्या खेपेपुरताच पेटणाऱ्या दिव्यासाठी मात्र नियम १०८ मध्ये केंद्रालाच एक ओळ घालावी लागेल. त्या ओळीत गाडी कोणाची आहे हे लिहायची गरज नाही, गाडीत काय आहे एवढे लिहिले तरी पुरे.