उंदीर व उंदीरपिसवा : प्रसार (पुणे परिसर)

घरगुती उंदीर आणि त्यांच्या अंगावरचे व आतड्या-रक्तातले परजीवी माणसाच्या मालाबरोबर नव्या मुलखात पोचतात. पुण्यापुरते पाहता उपरा कोणाला म्हणावे, हाच पहिला प्रश्न. काळा उंदीर (रॅटस रॅटस) येथून बाहेर गेलेला दिसतो. पश्चिमेकडे पसरलेल्या उंदरांत गुणसूत्रे 38, आग्नेय आशियाईंत 42. त्यावरून 38 वाल्यांचे मूळ दक्षिण भारतात मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. तपकिरी उंदीर उत्तर चीन-मंगोलियाकडचा; भारतात तो मुख्यतः बंदरांतून आढळतो. घूस इथलीच.

पिसवांचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. प्लेगची मुख्य वाहक झेनोप्सिला चिओपिस 1903 मध्ये सुदानातील नमुन्यांवरून वर्णिली गेली. ती बहुधा नाईल खोऱ्यातली असून व्यापारामार्गे भारतात आली असावी. झे. ॲस्टिया भारतीय, ती प्लेग पसरवण्यात कमकुवत, असे संशोधक हर्स्टने श्रीलंकेतील कामावरून मांडले. दख्खनेत नोंदलेली झे. ब्राझिलिएन्सिस नावाने ब्राझीलची, मुळाने बहुधा आफ्रिकेची.

उंदीर स्वतः फार लांब चालत जात नाही. पिसवेच्या अळ्या जमिनीवरच्या धुळीत व धान्याच्या भुश्श्यात वाढतात, आणि उपाशी पिसू उंदराविनाही काही दिवस तग धरते. म्हणून पोते हेच तिचे खरे वाहन. बोरघाटातून रेल्वे 1863 पासून धावत होती. मुंबईत सप्टेंबर 1896 मध्ये प्लेग जाहीर झाला, आणि काही महिन्यांतच पुण्यात गाठीच्या तापाने थैमान घातले. 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली घरांची झडती झाली, ती धुतली गेली. पिसवेकडे बोट दाखवणारा फ्रेंच डॉक्टर सिमाँचा कराचीतील प्रयोग 1898 चा. ‘उंदीर पडू लागले’ की घर सोडायचे, हे लोक त्याआधीच करू लागले होते.

रक्तातील ट्रिपॅनोसोमा लेवीसाय हा एकपेशीय परजीवी लुईस या संशोधकाने 1878 मध्ये कोलकात्याच्या उंदरांत पाहिला. पिसवेची विष्ठा किंवा पिसूच चाटून पोटात गेली की तो उंदराला होतो. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर 1899 च्या सुमारास जहाजातून काळे उंदीर उतरले आणि काही वर्षांतच तिथला मॅक्लिअर उंदीर नामशेष झाला. जुन्या नमुन्यांतील डीएनएवरून या परजीवीवर संशय बळावला आहे.

उंदराच्या फुप्फुस-धमन्यांतील अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस कृमी चीनमधील कँटनमध्ये 1935 साली नोंदला गेला. त्याला उंदराबरोबर गोगलगायही लागते. मोठी आफ्रिकी गोगलगाय 1847 मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली, आता पुण्याच्या बागांतही दिसते. कृमीची नोंद मुंबईच्या उंदरांत आहे.