नाल काढली, पुढे काय?

घोड्याची नाल काढायला नालबंदाला काही मिनिटं पुरतात. खुराच्या भिंतीवर वळवलेली खिळ्यांची टोकं सरळ करायची, खिळे ओढायचे, कडा कानशीने गोल करायची. वेळ लागतो तो त्यानंतर.

खुराची बाहेरची भिंत केराटिनची असते, आपल्या नखांसारखी. केसांच्या रेषेपासून ती महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर खाली वाढते. त्यामुळे पुढची भिंत पूर्ण नवी व्हायला ९ ते १२ महिने जातात. खिळ्यांची भोकं त्याआधीच झिजून जातात. पण त्यांच्याजवळ भिंत ठिसूळ असेल तर मध्यंतरी तिचे टवके उडतात. दिसायला वाईट, पण बहुतेक वेळा घाबरण्यासारखं नसतं.

तळव्याचा प्रश्न जास्त नाजूक. नाल असताना वजन मुख्यतः भिंतीच्या कडेवर येतं. तळवा आणि मधला रबरासारखा त्रिकोणी भाग जमिनीपासून उचललेले राहतात. नाल निघाली की त्यांनाही भार घ्यावा लागतो. चांगला तळवा साधारण १५ मिलिमीटर जाड असतो. तो पातळ असेल तर घोडा खडीवर बिचकत चालतो, टाचेऐवजी खुराचं टोक आधी टेकवतो. अशा घोड्याला ‘सवय होईल’ म्हणत दामटणं मला क्रूरपणाच वाटतो. खडीच्या वाटेवर खुराचे बूट घालावेत, मऊ जमिनीवर रोज चालवावं, दर चार-सहा आठवड्यांनी कडा घासावी आणि तळवा अजिबात तासू नये.

मुठीएवढे गोल दगड चार-पाच गाड्या भरून तबेल्याबाहेर पसरावेत आणि खूर कणखर व्हावं म्हणून घोड्याला त्यांवर उभं करावं, असं ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफनने इ.स.पू. चौथ्या शतकात लिहून ठेवलं. खिळ्यांची नाल युरोपात रुळायला त्यानंतर हजाराहून अधिक वर्षं गेली. आजही बारीक गोल खड्यांचा पट्टा याच कामी वापरतात.

बिननालीचा घोडा कमजोर, हा समज टोकियोत चांगलाच हलला. २०२१ साली तिथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या पेडर फ्रेड्रिक्सनने बिननालीच्या ‘ऑल इन’वर अडथळा-उड्यांमध्ये वैयक्तिक रौप्य आणि सांघिक सुवर्ण मिळवलं. अर्थात त्या घोड्याच्या दिमतीला असतात तशी माणसं आणि तसं मैदान किती जणांकडे असतं? दिवसभर डांबरावर टांगा ओढणाऱ्या घोड्याचं खूर वाढीपेक्षा वेगाने झिजू शकतं. तिथे नाल किंवा बूट लागतातच.

खुराक मात्र बहुतेक मालक विसरतात. धान्य किंवा साखरेने भरलेलं कोवळं गवत जास्त झालं तर भिंत आणि आतलं हाड यांना जोडणाऱ्या नाजूक पापुद्र्यांना सूज येते. मग नाल असो वा नसो, घोडा लंगडतो. म्हणून नाल काढण्याआधी पशुवैद्याकडून खुराचा एक्स-रे काढून घ्यावा. तळव्याची जाडी आणि हाडाची जागा त्यात दिसते. हाड खाली झुकलेलं आढळलं तर बेत तूर्त बाजूला ठेवून आधी आजारावर उपचार करावेत.