सांगलीचे विष्णू

कृष्णाकाठच्या सांगली, मिरज, पलूस आणि कुरुंदवाड या टापूशी नाते असलेल्या, एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या चार समनामी व्यक्ती : नाटककार विष्णुदास भावे, सर्कसवाले विष्णुपंत छत्रे, गायक विष्णु दिगंबर पलुसकर आणि कादंबरीकार वि. स. खांडेकर. मराठी नाटक, भारतीय सर्कस, शास्त्रीय संगीताचे शिक्षण आणि मराठी कादंबरी या चार क्षेत्रांतली ही पहिल्या रांगेतली माणसे. पन्नास-एक किलोमीटरच्या पट्ट्यातून एकाच नावाने ती पुढे यावीत, हा योगायोगच. पण त्यांच्या वाटा एकमेकींना जिथे छेदतात तिथे योगायोगापलीकडचे बरेच काही सापडते.

विष्णू हे नाव त्या काळी घरोघरी होते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजाने ते एकाच घरात पुन्हा पुन्हा येई. माणूस ओळखायचा तो नावापुढे लागणाऱ्या पदावरून. पदे रचणारा भक्त किंवा कवी तो विष्णुदास, गाणारा किंवा कीर्तन करणारा तो विष्णुबुवा, चारचौघांत वजन असलेला गृहस्थ तो विष्णुपंत. म्हणजे निम्मे नाव बारशात मिळे आणि उरलेले माणूस कामातून मिळवी.

यांतले सर्वांत जुने विष्णू अमृत भावे (मृत्यू १९०१). वडील सांगली संस्थानच्या चाकरीत होते. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींचे, म्हणजे पौराणिक कथा गाऊन-नाचून दाखवणाऱ्यांचे, खेळ सांगलीत झाले. तसे खेळ मराठीत बसवावेत, असे संस्थानाधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी भाव्यांना सुचवले आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात.

हा खेळ आजच्या प्रेक्षकाला नाटक वाटेल की नाही, शंकाच आहे. पात्रांना लिहिलेली भाषणे नसत. भावे पदे रचून देत, सूत्रधार ती झांजेच्या साथीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणे आणि पात्रे त्या त्या प्रसंगाला सुचेल ते बोलत. आधी विदूषक येऊन सूत्रधाराशी हुज्जत घाली, मग गणपती येई, मग सरस्वती नाचत येई आणि त्यानंतर कथेला हात लागे. राक्षसांची आरडाओरड आणि थयथयाट हा लोकांचा विशेष आवडीचा भाग. त्यावरूनच पुढे या खेळांना ‘अललडुर्र’ नाटके म्हणू लागले. त्या शब्दात हेटाळणीचा सूर आहे आणि तो अन्यायाचा आहे. गाणे, संवाद, सोंग आणि कथा एका रात्रीच्या खेळात बांधण्याची जी युक्ती भाव्यांनी काढली, तिच्यावरच पुढची नाटक मंडळी अनेक वर्षे जगली.

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आधार सुटला. भाव्यांनी मंडळी गोळा करून गावोगाव दौरे सुरू केले. १८५३ मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. राजाच्या पैशावर चाललेली कला प्रेक्षकांच्या पैशावर चालू शकते, हे मराठी मुलखाला तेव्हा प्रथम दिसले. सांगलीत आज त्यांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे आणि ५ नोव्हेंबरला त्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे (मृत्यू १९०५) हे आज सर्वांत कमी आठवले जाणारे, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने. जन्म औदुंबरजवळच्या अंकलखोपचा. या माणसाला दोन वेडे होती, घोडा आणि गाणे. दोन्हींसाठी त्यांनी ग्वाल्हेर गाठले. तिथे बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या शिकले आणि हद्दूखाँ यांच्याकडे ख्यालगायन. परत आल्यावर संस्थानी पागेत घोड्यांचे काम केले. १८७९ च्या सुमारास कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली. हे काम भारतीय लोकांना जमण्याजोगे नाही, असे त्याने म्हटले आणि विष्णुपंतांनी ते आव्हान म्हणून घेतले, ही गोष्ट सर्कसवाल्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १८८० मध्ये त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. भारतीय सर्कशीचा आरंभ तिथून मोजतात. पुढे मिरजेजवळच्या म्हैसाळच्या देवलांनीही सर्कस काढली आणि हा सारा मुलूख सर्कशीचे माहेर झाला.

गाण्याचे वेडही सुटले नव्हते. गुरू हद्दूखाँ यांचे चिरंजीव रहिमतखाँ घर सोडून विपन्नावस्थेत भटकत होते. विष्णुपंतांनी त्यांना शोधून आपल्याजवळ आणले आणि सांभाळले. सर्कशीच्या मुक्कामांबरोबर रहिमतखाँही गावोगाव फिरले. ज्यांनी एरवी दरबारी गाणे कधी ऐकले नसते, त्यांच्या कानावर ग्वाल्हेरची गायकी पडली. या गवयाला लोक ‘भूगंधर्व’ म्हणत. १९२२ मध्ये कुरुंदवाडला ते वारले. गुरूच्या मुलाचा असा सांभाळ करणारा सर्कसवाला कुठल्याही संगीताच्या इतिहासात मानाने बसावा, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

त्याच कुरुंदवाडात १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर जन्मले. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. गाव पलूस, म्हणून पलुसकर. अंकलखोप आज पलूस तालुक्यातच मोडते, म्हणजे एकाचे जन्मगाव आणि दुसऱ्याचे मूळगाव शेजारी-शेजारी. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. मुलगा शाळेत शिकत असताना दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे अधू झाले. अक्षरे दिसेनात, शाळा संपली. उपचारांसाठी मिरजेला आणलेल्या या मुलाला गाणे शिकवण्याचे ठरले. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी आश्रय दिला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गुरू लाभले. बुवाही ग्वाल्हेर परंपरेचेच. तेव्हा ग्वाल्हेरचे गाणे कृष्णाकाठी दोन रस्त्यांनी आले. एक मिरजेच्या गुरुगृहातून, दुसरा छत्र्यांच्या तंबूतून.

१८९६ मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली. सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. भाव्यांनी नाटकाचे जे केले, तेच इथे गाण्याचे झाले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलिपीची छापील पुस्तके या सगळ्यामुळे सामान्य घरांतल्या मुलामुलींसाठी गाणे खुले झाले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही त्यांची शिष्यमंडळी. संगीतात आणखी एक विष्णू त्याच काळी कार्यरत होते : मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). दोघांच्या स्वरलिपी निराळ्या आहेत, त्यामुळे विद्यार्थ्याने ‘विष्णूंची पद्धत’ म्हटले तर कोणत्या विष्णूंची, हे विचारावे लागते.

चौथे विष्णू जन्माने विष्णू नव्हतेच. ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत जन्मलेल्या मुलाचे नाव गणेश आत्माराम खांडेकर. गणपतीच्या या गावात ते शोभूनही दिसे. शालेय शिक्षण सांगलीत झाले. पुढे कोकणातल्या चुलत्यांना ते दत्तक गेले. दत्तकविधानात मुलाचे नाव आणि बापाचे नाव दोन्ही बदलतात, त्याप्रमाणे गणेश आत्मारामचे विष्णू सखाराम झाले आणि वाचकांनी त्याचे ‘वि. स.’ केले. १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिक्षकी, नंतर कोल्हापूर. १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना ‘ययाति’साठी मिळाले. मराठीतले ते पहिले ज्ञानपीठ. त्यांना दरबार बघावाच लागला नाही. तोवर वाचनालये आणि प्रकाशक आले होते.

आधीच्या तिघांच्या मागे मात्र पटवर्धन घराण्याच्या शाखा स्पष्ट दिसतात. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी अशी जवळजवळची संस्थाने असल्याने गुणी माणसाला एक दार बंद झाले तर दुसरे उघडे असे. पागा, गायनशाळा, नाटकाचा खर्च हे सगळे छोट्या राज्याला झेपेल त्या बेताने चाले. तिघेही त्या आश्रयात वाढले आणि मोठे झाले ते आश्रयाबाहेर पडल्यावर.

नावांच्या सारखेपणामुळे गोंधळही होतात. वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातले, विधान परिषदेचे सभापती आणि रोजगार हमी योजनेचे जनक. त्यांचे ‘वि. स.’ म्हणजे विठ्ठल सखाराम, विष्णू नव्हे. जुन्या मराठी काव्यातला विष्णुदास नामा हा भाव्यांहून कितीतरी आधीचा कवी.

पलुसकर २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत वारले. ज्या गावाने त्यांच्या हाती तंबोरा दिला, तिथेच. पंचेचाळीस वर्षांनी, २ सप्टेंबर १९७६ रोजी, खांडेकरांनीही मिरजेतच देह ठेवला.